सुरू होईपर्यंत

ढब्बू पुरता दमला होता. पंचेचाळिशीचा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, पण ताईसाठी अजून ढब्बूच. अर्धांगाचा झटका आल्यापासून ताईची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताच्या एका बोटाने ती लॅपटॉपवर टाइप करायची आणि लॅपटॉप बोलायचा.

बॅटरी दुपारीच मान टाकायची. म्हणून ढब्बूने सेटिंगमध्ये शिरून, बटण दाबल्यापासूनच प्रोसेसरला कमीत कमी वीज घ्यायला लावली. आता बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत होती. चार लोकांत त्याने फुशारकीही मारली. पण दुकानात मशीन टेबलावर आलं की आधी चार्जर खुपसायचा, ही हाताला लागलेली सवय. चार्जरवर वेगळी सेटिंग चालते. तिथे ते चाळीस सेकंदांत सुरू होई, आणि तेवढंच त्याने तपासलं. घरीही सकाळी ते चार्जरवर असतानाच सुरू केलं जाई. बॅटरीवर, एवढ्या कमी विजेत, सुरू व्हायला किती वेळ लागतो हे बघायचं या शहाण्याला सुचलंच नाही!

आज सकाळी, ताई शिकवायची त्या शाळेत बैठक होती. ताईला तिचा आठवीचा वर्ग परत द्यायचा की घरी बसवायचं, हे ठरायचं होतं. बॅटरी वाचावी म्हणून ढब्बूनेच लॅपटॉप बंद करून पिशवीत भरला होता.

"तुम्हाला वर्ग झेपेल का?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

ताईने बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. ढब्बू नुसता त्या गोलाकडे बघत उभा राहिला.

"राहू द्या, त्रास नका करून घेऊ. आम्ही कळवू," म्हणत बाई उठल्या, पाठोपाठ बाकीचेही. चार मिनिटं लागली मेल्याला! खोली रिकामी झाल्यावर लॅपटॉप बोलला, "झेपेल."



घरी आल्याआल्या ढब्बू सेटिंग घेऊन बसला. सुरू होताना पूर्ण ताकद, मग कमी. चार्जर काढून दहा वेळा बंद-चालू केलं. पन्नास सेकंद. पाठ मोडून आली होती, डोळे चुरचुरत होते. त्याने लॅपटॉप ताईपुढे सरकवला.

"चुकलंच माझं, ताई. मशीन नीट तपासलं नाही."

ताईचं बोट सावकाश चाललं.

"मशीनचं जाऊ दे. ढब्बू, तुला तर बोलता येतं ना? 'जरा थांबा', एवढं तरी म्हणायचंस."

त्याने चार्जरची वायर गुंडाळून ठेवली. मग त्याने फोन उचलून शाळेचा नंबर लावला. बाई घाईत होत्या, नंतर करा म्हणाल्या.

"बाई, ठेवू नका," ढब्बू म्हणाला. "जरा थांबा. ताईला बोलायचंय."