माइकपासून लांब

फिरोजनं माइकचा स्टँड उचलून दीक्षाच्या तोंडाशी आणून ठेवला. तिनं तो पुन्हा पुढं सरकवला आणि स्वतः मागं मागं जात पडद्याला जाऊन टेकली.

"आज तरी जवळ उभी ऱ्हा," फिरोज म्हणाला. "आपली माणसं येनार हायेत."

"आपला आवाज असाच आहे."

"आपला?" गिटारची खुंटी पिळत तो म्हणाला. "बरं. तुझं खरं."

'आउटर' हा त्यांचा तिघांचा बँड दौंडमध्ये पहिल्यांदाच वाजवणार होता. स्टेशनात शिरण्याआधी गाड्या जिथं ताटकळतात, त्या सिग्नलजवळ बसून त्यांनी पहिली चाल बांधली होती, नाव तिथलंच. पण तिघं गायला-वाजवायला लागले ते त्याच्याही आधी, दीक्षाचे वडील साहेबराव यांच्या गायन पार्टीत. ढोलकी, पेटी आणि मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा दीक्षाचा आवाज. फिरोजनं त्यात गिटार आणली, तिचा भाऊ धम्मदीप यानं कॅसिओ.

मग पुण्यात पहिली कॅसेट केली. दीक्षानं पहिली ओळ उचलली, तसे रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन ओढून काढले.

"बाई, ही जयंतीची मिरवणूक नाही. मागं सरका. अजून. अहो, अजून!"

काचेपलीकडची माणसं हसली. दीक्षा भिंतीपर्यंत सरकली आणि तिथूनच, जमेल तितकं हळू गायली.

ती कॅसेट कॉलेजातल्या पोरांत फिरली. धुक्यातून आल्यासारखा आवाज, असं एका पेपरात छापून आलं. दुसऱ्या वेळी ढोलकी गेली, चाली संथ झाल्या, गिटारचे सूर एकमेकांत विरघळू लागले. तिसऱ्या वेळी सीडी निघाली, तिच्यात शब्द पुसट होत होत नुसती गुणगुण उरली. कुणी विचारलं, की दीक्षा सांगायची, ही आमची शैली. काचेपलीकडच्या हसण्याविषयी तिघं आपसांतही कधी बोलले नाहीत.

संध्याकाळी हॉल भरला. साहेबराव पुढच्या रांगेत होते. खुटबाव गावात ते ज्यांना गाणं शिकवत, ती पोरं शेजारी दाटीवाटीनं बसली होती. दुसऱ्या गाण्याला साहेबरावांनी कानामागं हात धरला. थोडं पुढं वाकले. मग हात हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला. दीक्षानं ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या. लोक उठू लागले, तसे साहेबराव एका मुलीला घेऊन स्टेजवर आले.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "ही आसमीन. तुझ्या माइकवर एक गानं म्हनू दे म्हनती. लई खनखनीत गाती. वर्गात गायली का रस्त्यावरची मान्सं थांबत्यात."

"गा ना," दीक्षा म्हणाली.

आसमीन माइकसमोर गेली. तिनं एकदा दीक्षाकडं पाहिलं. मग मागं मागं सरकत ती पडद्याला टेकली, मान खाली घातली आणि ओठ हलवू लागली.

"पोरी, म्होरं ये की," साहेबराव म्हणाले.

"ताई हितंच उभ्या व्हत्या."

"ताईचं येगळं. ताईची ती..." त्यांना शब्द सापडेना. ते लेकीकडं वळले. "काय म्हनत्यात गं त्याला?"

दीक्षाच्या तोंडात शब्द आला आणि तिथंच राहिला. वायर गुंडाळणारा फिरोजचा हात थांबला.

"मोठ्यानं गायलं तर लोक हसत्यात, व्हय ताई?" आसमीननं विचारलं.

दीक्षा स्टेजवरून उतरली, खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेपाशी गेली आणि वळली.

"आसमीन! मला हितं कायबी ऐकू येत न्हाई!"

दारात चपला शोधणारी माणसं थबकली. धम्मदीपनं दचकून कीबोर्डवरून मान वर केली. दीक्षाचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. इतक्या वर्षांनी घसा एवढा उघडला होता, की तिला ठसका लागला. तो आवरेपर्यंत आसमीनचं ध्रुवपद संपून पहिलं कडवं सुरू झालं होतं.