माझ्या दातांत अडकलेला गाळ

मी एक जुना लोखंडी जबडा आहे. सरोवराकाठच्या किसुमू बंदरात गाळ काढणाऱ्या बोटीवर साखळीला लटकून मी एकवीस वर्षे राबलो. आता आपोंदीमावशीच्या अंगणात पालथा पडलो आहे, माझ्यावर कोंबड्या बसतात. मित्रांनो, त्याचे मला काही वाटत नाही. टोचते ते वेगळेच.

बोट चालवायचा मावशीचा भाचा ओगुटू. "असा खादाड अख्ख्या सरोवरात नाही!" असे तो माझे कौतुक करी आणि मी फुगून जाई.

अमावास्या झाली की आमच्या सरोवरातून चिलटांचे ढग धुरासारखे उठतात. बायका तेल चोळलेली पातेली हवेत फिरवून ती चिलटे धरतात आणि थापून त्यांच्या वड्या करतात. मावशीची तीन नातवंडे त्या वड्यांवरच वाढत होती.

चिलटांच्या अळ्या गाळात वाढतात, हे मावशीला पक्के ठाऊक. एकदा ती ओगुटूला म्हणाली, "काय रे, एवढा लोण्यासारखा काळा गाळ लांब नेऊन फेकतोस? आपल्या खाडीत टाक की! चिलटं दुप्पट होतील."

"टाकतो. पण पहिली वडी माझी!"

"आधी गाळ तर आण, हावरटा!"

आठवडाभर मी तिच्या खाडीत गाळ ओतला. एक गोष्ट मात्र मलाच माहीत होती. इतरत्र बुडी मारली की माझ्या दातांत लाल अळ्या वळवळत, गोगलगायी अडकत. बंदराच्या गाळात एकही जीव नसे. त्याला तेलाचा, रंगाचा, फुटक्या बॅटऱ्यांचा वास येई. तोंड एवढे मोठे, पण मला बोलता कुठे येते?

आधी गोगलगायींचे रिकामे शंख किनाऱ्याला लागले. पुढच्या अमावास्येनंतर मावशी पातेले घेऊन सकाळपासून उभी राहिली. शेजारच्या खाडीवर चिलटांचा धूर उठला. आमच्यावर नुसते ऊन होते.

"मीच मागितला ना रे तो गाळ," ती म्हणाली.

"टाकला मी, मावशी."

टाकला मी, असे मलाही ओरडावेसे वाटले.

याला सहा वर्षे झाली. बोट मोडीत निघाली तेव्हा कोंबड्यांसाठी मावशीने मला मागून घेतले. माझा अपराध तिला ठाऊक नाही. मित्रांनो, तळाचा गाळ हलवण्याआधी त्यात कोणी वळवळते आहे का, तेवढे बघत जा.

आज सकाळीही मावशीने पातेल्याला तेल चोळले. दुपारी तिने ते बोटाने निपटून पुन्हा बाटलीत भरले.