नातेवाइकाचं पान

व्यसन या विषयात गौरेशला शंभरापैकी ब्याण्णव मार्क पडले, ही बातमी मुळगावात पोचली तेव्हा तिठ्यावरचे लोक पोट धरून हसले. दहा वर्षं ज्याने प्रॅक्टिकलच केलं, त्याला थिअरीत कमी मार्क पडतील कसे, म्हणाले. गौरेशही हसला. लोकांचं काही चुकत नव्हतं. खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हापासून तो प्यायचा, आणि खाण बंद पडल्यावर तर प्यायला दिवसही मोकळा मिळाला. आता मात्र दोन वर्षं आणि चार महिने त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. डिचोलीत पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायचा, आणि शनिवारी म्हापशाला समुपदेशकाच्या कोर्सला जायचा. आपल्यासारख्यांना त्यातून बाहेर काढायचं शास्त्र असतं, ते त्याला शिकायचं होतं.

शिकवायला विनिता मॅडम होत्या. आवाज मऊ, पण बोलणं असं की ज्याचं त्याला बरोबर लागावं. तलफ दुधासारखी वर येते, त्या सांगायच्या. आता उतू जाणार असं वाटतं, पण आच काढून घ्या, बसते खाली. वीस-पंचवीस मिनिटं तग धरा, आणि एकट्याने धरू नका. दुसरं एक वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: ‘मला आता काहीच वाटत नाही असं जो सांगतो, त्याच्याकडे आधी लक्ष द्या.’ गौरेशने ते वहीत उतरवून खाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. कारण दर रविवारी तो स्वतः फोनवर बायकोला अगदी हेच सांगत होता.

बायको सेजल माहेरी होती, पेडण्यातल्या इब्रामपूरला. लेक तनया तिच्याबरोबर. ती गेली त्याला कारण भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. एका संध्याकाळी गौरेश पाच वर्षांच्या तनयाला घेऊन डिचोलीला गेला होता. बस स्टँडच्या बाकावर तिला बसवून दोन मिनिटांत येतो म्हणाला, आणि बारमध्ये शिरला तो तिला विसरला. खरोखर विसरला. एक मासळीवाली बाई पोरीला विचारत विचारत घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेजलने पिशवी भरली.

महिन्याभराने तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, बरा झाला, पण घर काही भरलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तनयाची छोटी सायकल होती. दर रविवारी तो ती पुसायचा, चाकांत हवा भरायचा. पोर आता आठ वर्षांची झाली, तिचे पाय त्या सायकलवर मावणार नाहीत, हे त्याला कळत होतं. तरी हवा भरायचा. सेजलच्या हाताचं माशांचं तिखलं त्याला आठवायचंच, पण त्याहून जास्त आठवायचं ते तिचं ओरडणं, विहिरीवरून, दोरी नीट गुंडाळून ठेवा म्हणून. आता दोरी कशीही टाकली तरी कुणी काही म्हणत नव्हतं. तिची त्याला इतकी ओढ होती की ती फोनवर कशें आसा असं विचारायची, तेव्हा तो घाईघाईने सांगून टाकायचा: एकदम बरा आहे, आता काहीच वाटत नाही, वास आला तरी काही नाही. त्याला वाटायचं, हे ऐकून ती येईल. ती ‘बरं’ म्हणायची आणि फोन तनयाकडे द्यायची.

कोर्सच्या शेवटी एका रुग्णाची पूर्ण हकिगत लिहून फाइल द्यायची होती. नाव घालायचं नाही, नुसतं ‘रुग्ण’ म्हणायचं. गौरेशने स्वतःचीच हकिगत लिहिली. सहा पानं भरली; बस स्टँडचा बाकसुद्धा आला. विनिता मॅडमनी ती वाचली, थोडा वेळ चष्मा पुसत बसल्या, आणि म्हणाल्या की असं सहसा करत नाहीत, पण चालेल. मात्र सातवं पान नातेवाइकाचं, छापील प्रश्नांचं. ते नातेवाइकाच्याच अक्षरात हवं, त्याशिवाय फाइल पुरी होत नाही.

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी तो दोडामार्गाच्या बसमध्ये बसला आणि तिथून इब्रामपूरच्या. खिडकीतून सगळीकडे काजू. बोंडू पिकून खाली पडलेले, कुठेतरी भट्टी लागलेली, आणि वाऱ्यावर उर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, तो गोड, आंबूस वास. गौरेशने खिडकी लावून घेतली. काचेला फट होती.

सासूबाईंनी, जानकीबाईंनी, त्याला पाणी-गूळ दिला. सासरे रामचंद्र गेल्या दिवाळीत वारले होते. मेव्हणा विशाल मुरगावच्या बंदरात कामाला. आज येतो म्हणाला होता, पण ड्युटी सुटली नव्हती, आणि नेमकी आज राखण होती. वर्षातून एकदा शेताच्या हद्दीवरच्या राखणदाराला रोट आणि सोरो, म्हणजे दारू, द्यायचा. तो म्हणे रात्री हातात काठी घेऊन सगळी शेतं फिरतो, गुराढोरांना, माणसांना सांभाळतो; मग वर्षाला एवढा त्याचा मान नको? आणि हा मान घरच्या पुरुषाने न्यायचा, त्याने ओतायचा, आणि उरलेलं बोटभर तीर्थ म्हणून घ्यायचं. रामचंद्रांनी चाळीस वर्षं हे केलं.

तेव्हा जानकीबाईंनी आतून चिंध्यांचा बोळा लावलेली काचेची बाटली आणली आणि जावयाच्या पुढ्यात धरली. त्या म्हाताऱ्या बाईच्या मनात कपट असतं तर गोष्ट सोपी होती. तसं काही नव्हतं. जावई सुधारला याचा त्यांना मनापासून आनंद होता, आणि सुधारलेल्या माणसाला त्यांच्या हातात होता तो सगळ्यात मोठा मान त्या देत होत्या.

“गौरेशबाब, आज तुमीच ह्या घरचे दादले,” त्या म्हणाल्या. “आनी हो देवाचो. हो काय सोरो न्हय.”

गौरेशने सेजलकडे पाहिलं. ती दारात उभी होती. केस थोडे पिकले होते, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. नाही म्हटलं तर हिला कळणार की दोन वर्षं मी खोटं बोललो. मग ही कसली येते. त्याने बाटली घेतली.

तो पुढे, मागे सेजल केळीच्या पानावर रोट आणि विडी घेऊन. तनयाला आजीपाशी ठेवलं. हद्द दहा मिनिटांवर. बांधावरून चालताना बाटली हलायची, आणि बोळ्यातून वास यायचा, उंची काजूफेणीचा. त्याच्या जिभेखाली पाणी सुटलं. बोळा आपोआप अंगठ्याखाली आला. त्याने वही आठवली. वीस-पंचवीस मिनिटं. आच काढून घ्या. पण आच हातातच होती, आणि पुढे जाऊन ती आपणच उघडायची, वर बोटभर तीर्थ घ्यायचं. बोटभर. देवाचं. कुणी काही म्हणणार नाही. सासू खूश होईल, सेजल मागोमाग येईल, आणि संध्याकाळी डिचोलीत उतरल्यावर आपले पाय कुठे वळतील ते त्याला लख्ख दिसलं. ब्याण्णव मार्कांत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

वाटेवरच्या चिंचेपाशी तो थांबला.

“माझ्यान जावचा ना,” तो म्हणाला. मागे वळून बघायचा धीर त्याला झाला नाही. “सेजल, माका वाटता. खूप वाटता. फोनार सांगी तें सगळां फट, खोटां. दर दिसा वाटता.”

संपलं, त्याला वाटलं. सहा पानांची फाइल, सायकलीची हवा, सगळं या एका वाक्यात वाया गेलं. मागून पानावरचा रोट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सेजल पुढे आली आणि तिने त्याच्या मुठीतून बाटली सोडवून घेतली. बोटं घट्ट बसली होती. एकेक करून सोडवावी लागली.

“दर आयतारा तुमी काय वाटना म्हणालात,” ती म्हणाली. “तेंच आयकून माका भंय वाटी. पयलीं पिऊन आयले तरी तुमी तशेंच म्हणत. काय ना, काय ना. माका कळाचां कशां?”

ज्या वाक्याने ती घरी येईल असं गौरेशने दोन वर्षं धरलं होतं, त्याच वाक्याने तिला तिकडे थोपवून ठेवलं होतं. एखाद्याने कडी लावलेल्या दाराला बाहेरून ढकलत राहावं आणि कडी आपणच लावली हे त्याला माहीत नसावं, तसं झालं होतं. तो बांधावर बसला आणि रडला. सेजल शेजारी उभी राहिली. तिने त्याला गप्प केलं नाही, की हातही लावला नाही, पण ती गेलीही नाही. असाच बराच वेळ गेला. वीस मिनिटं असतील. दूध खाली बसलं.

आता राखणदाराचं काय? बाईमाणसाने सोरो ओतलेला कुणी पाहिला नव्हता. सेजलने विचार केला आणि सांगितलं की तुम्ही इथेच बसा, वारा तिकडून येत नाही. पदर खोचून बाटली आणि रोट घेऊन ती एकटीच हद्दीवरच्या धोंड्यापाशी गेली. करवंटीत सोरो ओतला, रोट ठेवला, विडी ठेवली. पण देवाला घालायचं गाऱ्हाणं तिला येत नव्हतं. वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं तेवढंच. तिने तिथून हात वर करून त्याला खूण केली. मग गौरेश उठून उभा राहिला आणि चिंचेखालून मोठ्याने म्हणाला:

“बा राखणदारा, तुझो मान तुका पावलो. माझ्या हातान न्हय पावलो, तां समजून घे. तू रातभर जागो आसतंस. ह्या घरच्यांक सांभाळ, माझ्या चेडवाक, तनयाक सांभाळ. आनी जमलां तर माकाय.”

“व्हय म्हाराजा,” लांबून सेजल म्हणाली.

घरी आल्यावर उरलेली बाटली तिने आईच्या हातात दिली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. जानकीबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. माझां चुकलां, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. बाटली त्यांनी शेजारी पोचवली. मग सेजल सातवं पान घेऊन माजघरात बसली. गौरेशने बाहेर कोरा चहा घेतला, तनयाने त्याला आपली विज्ञानाची वही दाखवली, त्यात फुप्फुसांचं चित्र होतं. तो बघत होता चित्राकडे आणि कान होता आत, पेनाच्या आवाजाकडे. बाहेर येऊन सेजलने पानाची घडी घातली आणि सांगितलं की बसमध्ये वाचा. तिने येते म्हटलं नाही, त्याने विचारलंही नाही. सहाची बस होती.

बस सुटली तशी त्याने घडी उघडली. रुग्णाच्या व्यसनाचा कुटुंबावर काय परिणाम झाला, याच्यापुढे तिने अर्धं पान लिहिलं होतं, आणि ते वाचताना त्याला दोनदा थांबावं लागलं. रुग्णाकडून आपली अपेक्षा काय, याच्यापुढे लिहिलं होतं: वाटलं तर सांगावं. मला, कुठल्याही वेळी. रुग्णाची सध्याची स्थिती: आज खरं बोलला.

खाली नातेवाइकाची माहिती होती. नाव, सेजल. नाते, पत्नी. कायमचा पत्ता या ओळीत आधी इब्रामपूर लिहून त्यावर रेघ मारली होती. पुढे लहान अक्षरात होतं: मुळगाव, डिचोली. चेडवाची परीक्षा एप्रिलात संपते.

खिडकीच्या फटीतून काजूचा वास येतच होता. त्याला वाटत होतं, आताही वाटत होतं. त्याने फोन काढला आणि सेजलला तसं सांगितलं.