आठच्या आतली बाटली

सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाबांची बाविसावी किक वाया गेली होती. मी मोजत होते, कारण दारात उभं राहून मला दुसरं काही करता येत नव्हतं. ऑपरेशनचे टाके अजून कच्चे होते. किक मारणं सोडाच, गाडीवर मागे बसायलाही मनाई होती.

माझ्या हातात पिशवी होती. पिशवीत बर्फ, बर्फात चाळीस मिलीची बाटली. बाळ बारा दिवसांचं, दीड किलोलाही न भरणारं, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होतं. त्याला वरचं दूध पचत नव्हतं आणि तिथला माझ्या दुधाचा साठा पहाटे संपला होता. आठच्या आत बाटली पोचवा, असं नवऱ्याने तिथूनच फोन करून सांगितलं होतं. दवाखाना अर्ध्या तासावर. तीन रिक्षावाल्यांनी पाऊस बघून नाही म्हटलं, चौथ्याने फोनच उचलला नाही.

राहिली सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, मोटरसायकल. बाबा तिला थोरली म्हणत, कारण ती माझ्या नवऱ्याच्याही आधी घरात आली होती.

मागच्या पावसात कार्बोरेटरमध्ये पाणी शिरलं होतं, म्हणून बाबांनी आधी तोच उघडला. खालची वाटी काढून पेट्रोल तळहातावर ओतलं, निरखून पाहिलं. पाण्याचा थेंबही नव्हता. परत बसवेपर्यंत सात एकोणीस. आता एअर फिल्टर बघतो म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठताना थोरलीला समजावत होते, की आजवर तुझे सगळे नखरे चालवून घेतले, आजच्या दिवस नको.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. काल संध्याकाळची बाटली पोचवून बाबा चिंब भिजून आले आणि तसेच आडवे झाले. मला त्या गाडीचीच माया आली. पत्र्यातून तिच्यावर पाणी गळत होतं. कपाटात बाळासाठी आणलेलं रबरशीट घडी न मोडता पडलं होतं, ते रोज बघवत नव्हतं मला. मी ते काढलं, गाडीवर टाकलं आणि कडेने नाडीने आवळून बांधलं. सकाळी बाबा उठायच्या आत सोडून ठेवलं. बाळाची वस्तू गाडीवर बघून त्यांना वाईट वाटलं असतं.

"बाबा, काल मी गाडी झाकली होती."

"कशाने?"

"बाळाच्या रबरशीटने. तुम्ही आल्या आल्या. घट्ट बांधून."

पाना हातातच राहिला. "इंजिन गरम असताना?"

मी मान हलवली. ते रागावतील म्हणून मी थांबले, पण ते तोवर खाली बसलेसुद्धा होते. प्लगवरचं रबरी टोपण त्यांनी ओढून काढलं आणि उलटं केलं. आतून पाणी निथळलं. भिजल्या गाडीची वाफ रात्रभर आत कोंडून, थंड होऊन नेमकी तिथे साचली होती. ठिणगीच पडत नव्हती. प्रत्येक किकेने नुसतं पेट्रोल आत भरत होतं.

मग घाई सुरू झाली. प्लग खोलून त्यांनी माझ्या हातात दिला, काळा आणि ओला. मी पिशवी फ्रीजमध्ये ठेवली, प्लग सांडशीत धरून गॅसवर शेकला. बाबा तोवर प्लगविनाच किक मारून आतलं पेट्रोल उडवत होते. टोपण पुसायला कोरडं काही दे म्हणाले. हाताला लागला तो बाळाचा मऊ लंगोट. तोच दिला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग बोटाला गुंडाळून टोपणात घातलं.

सात एकतीस. पहिली किक, काही नाही. दुसरीला एक खोकला आला. तिसरीला थोरली धूर ओकत उठली आणि मी टाक्यांचा विचार न करता आत धावले. पिशवी त्यांनी रेनकोटच्या आत, छातीशी बांधली.

ते गेल्यावर मी जमिनीवर बसून राहिले. फोन सव्वाआठला आला. सहा मिनिटं उशीर झाला, पण नर्स थांबली होती, नवरा सांगत होता. नळीतून दूध चाललंय. बाबा कोपऱ्यात उभे आहेत, पायाखाली तळं साचलंय.

"आणि बाबा म्हणतायत, ते रबरशीट धुऊन वाळत घाल. घरी आल्यावर त्याला लागणार आहे."

मी डोळे पुसले आणि अकराच्या बाटलीसाठी दूध काढायचा पंप उकळायला ठेवला.