वाळूच्या बादलीतला गोळा

मी एक जुनं जंक्शन आहे, आणि मला माझं कौतुक ऐकवत नाही. मित्रांनो, तुम्ही सहलीला येता, माझ्या कमानींकडे बघून "किती सुंदर!" म्हणता. सुंदर कसलं डोंबल! गोऱ्या साहेबाने मला तुमच्या सोयीसाठी बांधलं नव्हतं. बंदराची लाइन आणि सरहद्दीची लाइन माझ्यापाशी मिळत होती. कुठेही कुणी डोकं वर काढलं, की माझ्यावरून सहा तासांत पलटण हजर! माझे दगड फोडताना माणसं मेली, त्यांची मोजदादसुद्धा कुणी ठेवली नाही.

सरहद्दीकडची लाइन एकेरी होती. गाड्या समोरासमोर धडकू नयेत म्हणून मास्तरांच्या खोलीतल्या यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हाती पडला तरच गाडी सुटायची. तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत माझं यंत्र दुसरा देत नसे. हा नियम साहेबाचाच, आणि मोडणाऱ्याला तुरुंग.

एकदा पुढच्या स्टेशनाजवळच्या रेल्वे कारखान्यात संप झाला. कामगार बायकापोरांसकट फाटकाशी बसले होते. त्या दुपारी पलटणीची गाडी माझ्याकडे पाणी भरायला थांबली. गोरा अधिकारी हसत मास्तरांना म्हणाला, "संध्याकाळी त्या फाटकाशी एकही माणूस जिवंत दिसणार नाही."

रुळांचे सांधे बदलणाऱ्या माझ्या सांधेवाल्याने ते ऐकलं. त्याचा धाकटा भाऊ त्याच फाटकाशी बसला होता. ड्रायव्हरला गोळा नेऊन देण्याचं काम सांधेवाल्याचं. तो खोलीतून गोळा घेऊन निघाला, आग विझवायच्या लाल बादलीतल्या वाळूत त्याने तो खुपसला आणि रिकाम्या हाताने इंजिनाशी गेला.

"पडला कुठेतरी, साहेब!"

मग जो गोंधळ उडाला म्हणता! शिपायांनी रुळांखाली पाहिलं, कोळसा उपसला. अधिकारी ओरडला, "गाडी सोड!" ड्रायव्हरही गोराच. त्याने हाताची घडी घातली. "गोळ्याशिवाय गाडी हलणार नाही. नियम आहे." अधिकारी चरफडत बादलीपाशी आला आणि त्याने त्याच वाळूत चिरूट विझवला. मला हसू आवरेना.

नियमाप्रमाणे मास्तरांनी पुढच्या स्टेशनला तार केली, की पलटणीची गाडी खोळंबली आहे. तिथून बातमी फाटकाशी पोचायला कितीसा वेळ! तीन तासांत फाटक मोकळं झालं. लेकराबाळांसह सगळे वाचले.

मास्तर आपलेच. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तीन तास गप्प बसले, मग बढती आठवली आणि त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. शिपायांनी सांधेवाल्याला माझ्याच फलाटावर गुरासारखं मारलं. तो तुरुंगातून परत आलाच नाही.

त्याला पकडून नेलं त्याच दिवशी त्याच्या बायकोला रेल्वेची खोली रिकामी करावी लागली. लेकीला कडेवर घेऊन ती मास्तरांसमोर उभी राहिली. "त्यांना दादा म्हणत होतात ना तुम्ही? घरी जाऊन तुमच्या बायकोला सांगा, आज दादाला विकून आलो."

मास्तरांनी रजिस्टरात मान खुपसली. बढती मात्र मिळाली.

आता माझी रंगरंगोटी चालू आहे, आणि गेल्या आठवड्यात माझ्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली. 'संपकऱ्यांचे प्राण वाचवणारे प्रसंगावधानी स्टेशनमास्तर आणि शिस्तप्रिय ड्रायव्हर यांच्या स्मरणार्थ.' सांधेवाल्याची नात आली होती. तीही आता म्हातारी झाली आहे. तिने विचारलं, "आणि माझे आजोबा?"

रेल्वेचा अधिकारी म्हणाला, "आजी, रजिस्टरात त्यांचं नाव नाही हो. 'गोळा चोरणारा गडी', एवढंच आहे."

"मग तेच लिहा," ती म्हणाली. "पण लिहा."

तो हसला आणि टाळ्या वाजवायला वळला.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वास्तू शेवटी 'माझी निगा राखा' म्हणते. मी नाही म्हणणार. ती एक ओळ तेवढी लिहा. तेवढंही होत नसेल तर रंगाचे डबे परत न्या, आणि मला पाडायला पहारी आणा.