बोरबुटीचा नवा मालक

बोरबुटी आमच्या घरातूनच कुणीतरी बाहेर नेली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जयपूरच्या निर्यात कंपनीची नोटीस आमच्या बगरू गावात आली तेव्हा ती मीच वाचून दाखवली, कारण कापड छापणाऱ्या आम्हा छिपांच्या मोहल्ल्यातल्या बायकांत आठवी शिकलेली मी एकटी. कापडावरची बोरांच्या डहाळीची ही नक्षी कंपनीच्या नावे सरकारदरबारी नोंदली आहे, आणि यापुढे तुम्ही ती छापलीत तर कोर्टात या, असं त्यात होतं. ही बुटी माझ्या आजेसासऱ्यांनी लाकडात कोरलेली. आजूबाजूच्या माळणी तीन पिढ्या तिचे घागरे घालताहेत. आमचं निम्मं काम तिच्यावरच चालतं. ती बंद झाली तर आम्हाला दुसऱ्याच्या छपाईच्या मेजावर मजुरीला जावं लागणार होतं.

माझा संशय सरळ धाकट्या दिरावर, सुवालालवर गेला. दीड वर्षापूर्वी तो त्याच कंपनीच्या गोदामात नोकरीला लागला आणि लगेच त्याच्याकडे मोटरसायकल आली. बोरबुटीचा ठसा फडक्यात गुंडाळून नेताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणे, लाकूड तडकेल, तेलात बुडवून आणतो. मी काय कुक्कुलं बाळ आहे? घिसालालना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर ते नुसते रंगाचा हंडा ढवळत राहिले. भावाचा पुळका! मग मीच ठशांच्या खोलीला कुलूप लावलं आणि धुवायच्या आधी सुवालालचे खिसे तपासू लागले.

एकदा खिशात फागी गावाची बसची तिकिटं निघाली. फागीत आमच्या ओळखीचं कुत्रंही नाही. विचारलं तर तो म्हणाला, नक्की झालं की सांगतो. माझं डोकं सणकलं. त्या आठवड्यात समाजाची बैठक होती, तिथे चारचौघांत मी त्याला घरभेदी म्हटलं. म्हणताना मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. सुवालाल एवढंच बोलला, "भाभी, तुम्ही ठरवलंच असेल तर मी काय बोलणार?" आणि दुसऱ्या दिवशी कपडे घेऊन घर सोडून गेला.

तो दिसला तो थेट कोर्टात, कंपनीने आमच्यावर लावलेल्या दाव्याच्या तारखेला. बरोबर फागीची ऐंशीची एक माळीण, आणि तिच्या मांडीवर तिचा लग्नातला घागरा, बोरबुटीचा. आमचे जुने ठसे झिजले की रंगाच्या हंड्याखाली जळतात, म्हणून बुटी जुनी असल्याचा पुरावा शोधत हा गावोगाव हिंडत होता. त्यापायी नोकरीही गेली होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण आमच्या माथुर वकिलांचा चेहरा खुलला होता. वाटलं, बुटी वाचली, दिराची माफी नंतर मागू.

तेवढ्यात कंपनीच्या वकिलाने एक कार्ड पुढे केलं. गिऱ्हाईक आलं की बगरूत प्रत्येक घर कापडाचा तुकडा कार्डाला टाचतं आणि खाली लिहितं: 'नवीन बुटी. फक्त आपल्यासाठी. याआधी कुणीही छापलेली नाही.' आपण लिहायचं, गिऱ्हाइकाने मान डोलवायची. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, देणाऱ्यालाही. पण या कार्डावर बोरबुटीचा तुकडा होता आणि अक्षर माझं; कंपनीचा माणूस माल बघायला आला तेव्हा मीच ते त्याला दिलं होतं.

जजसाहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? माथुर वकील डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होते.

"मी लिहिलं, साहेब."

"खरं आहे ते?"

"खोटं आहे. बगरूत सगळेच असं लिहितात."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, माल विकायचा होता तेव्हा तुम्ही एक लिहिलंत. आता वाचवायचा आहे तर दुसरं सांगता. मी कोणतं धरू?"

मी घागऱ्याकडे बोट दाखवलं. पण त्यावर तारीख नव्हती. निकाल लागेपर्यंत बोरबुटी छापायची नाही, असा हुकूम झाला. एवढी वर्षं छापून हिरवेनिळे झालेले घिसालालांचे हात नुसते गुडघ्यांवर पडून होते.

बाहेर सुवालाल त्या म्हातारीला घागऱ्याची घडी घालून देत होता. मी म्हटलं, "चुकले रे. घरी चल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे वर्षभर ज्या नजरेने पाहत होते, तीच ती नजर.

"येतो, भाभी. पण आधी सांगा, कंपनीला आणखी कोणकोणत्या बुट्यांवर असं लिहून दिलंय तुम्ही?"

आमच्या फळीवरच्या प्रत्येक ठशाचं कार्ड मी लिहिलं होतं.