साथी महिला धावक

नखाची डावी कड सुटून वर आली होती, उजवी अजून धरून होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं हे नख सोळा दिवसांत आधी जांभळं आणि मग काळं झालं होतं, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून उत्कर्षा ते बोटाच्या टोकाने हलवून पाहत होती – दुखत नव्हतं, नुसतं आत कुठेतरी ओलं आणि परकं वाटत होतं... ओढलं तर निघेल. पण नख आपल्या वेळेने पडू द्यायचं असतं, आधी उपटलं तर खालचं कातडं आठवडाभर बूट घालू देत नाही. उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर किती वेळा आदळला म्हणजे नख मरतं, हेही तिला आता ठाऊक होतं. एकटी असती तर तो उतार तिने नाचत उतरला असता. नख मेलं ते शर्यतीतल्या सोबत्याचं, प्रशांतचं, बहात्तर किलोंचं ओझं खांद्यावर घेऊन उतरल्यामुळे.

बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याने, केदारने, पेपर दुमडून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिने डोकावून पाहिलं. पालथा ठेवला होता. म्हणजे त्यानेही वाचलं होतं.

तिने तो सहालाच वाचला होता, क्वार्टरच्या फाटकाशी उभं राहून, हातात दुधाची पिशवी धरून. हिंदी पेपराच्या भिलाईच्या पानावर प्रशांतचा फोटो, गळ्यात पदक, मागे डोंगर. सह्याद्रीत ऐंशी किलोमीटर धावलेला भिलाईचा पहिला धावपटू, आज संध्याकाळी सात वाजता धावकांच्या मंडळातर्फे सत्कार. इथपर्यंत सगळं खरं होतं, आणि वाचताना तिला आनंदच झाला होता – हो, झाला होता, ते ती नाकारणार नव्हती. मग पुढचं वाक्य आलं. ‘रास्ते में घायल साथी महिला धावक को सहारा देकर चौकी तक पहुँचाया, फिर भी समय पर दौड़ पूरी की।’

साथी महिला धावक. दुधाची पिशवी हातात गळत होती आणि ती ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती. त्या शर्यतीला भिलाईहून दोघंच गेले होते. प्रशांत आणि ती.

केदारने चहा करून आणला. तो वाईट माणूस नव्हता. डोंगरातून परतल्या रात्री सगळं त्यानेच ऐकून घेतलं होतं, कोमट पाण्यात तिचे पाय बुडवून. आता तो समोर बसला आणि पेपरवाले काहीही छापतात, कोण लक्षात ठेवतं, उद्या त्याच कागदात कोणी भजी बांधून देईल, अशा अर्थाचं काहीतरी हळू आवाजात बोलला. मग म्हणाला, “मले तर माहीत आहे ना, काय झालं ते.”

तिला बरं वाटायला हवं होतं. उलट डोक्यात सणक गेली. तुला माहीत आहे म्हणजे झालं? खरं काय ते नवऱ्याला माहीत असलं की बाईचं भागलं? प्लांटच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं नमुने तपासत आली होती, तिने लिहिलेल्या आकड्यावर, तिच्या सहीवर भट्टीतला माल पुढे जायचा, आणि तो आकडा एवढा कसा आला म्हणून एखाद्या इंजिनिअरला शंका आली तर तो फोन करून तिलाच विचारायचा. विचारायचा! इथे एक फोन कुणाला करावासा वाटला नाही. घायल कोण होतं, बाई, तुम्ही की तो – एवढंच तर विचारायचं होतं.

तरी सकाळभर तिने प्रशांतला संशयाचा फायदा दिला. बातमीदाराने घाईत उलटं ऐकलं असेल. प्रशांत असं सांगणार नाही. चौदा महिने तो तिच्यासोबत धावला होता... सुपेल्यात त्याचं मोटार-वाइंडिंगचं दुकान, रसमड्याच्या कारखान्यांतल्या जळालेल्या विजेच्या मोटारी त्याच्याकडे यायच्या, आणि तो दर रविवारी तांब्याच्या तारेने चिरलेली बोटं घेऊन स्टेशनवर हजर असायचा, कारण भिलाईत डोंगर नाही. टेबलासारखं सपाट गाव. चढ हवा तर पहिली गाडी पकडून डोंगरगडला जायचं आणि देवीच्या हजारावर पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या, नारळ घेऊन निघालेल्या भाविकांच्या गर्दीतून वाट काढत. तिसऱ्या खेपेला पायऱ्यांवरचे प्रसादवाले हसायचे. एकदा एका म्हातारीने, कोणता नवस आहे एवढा मोठा, असं विचारलं होतं आणि प्रशांतने, या दीदीचा आहे, मी नुसता सोबत आहे, असं सांगितलं होतं.

नुसता सोबत.

पोळ्या लाटताना तिने ते सगळं पुन्हा एकदा क्रमाने लावून पाहिलं, कारण सकाळपासून एक भलतीच गोष्ट होऊ लागली होती – ती डोळे मिटायची आणि कड्यावरची ती वाट दिसायची, पण खाली बसलेली ती स्वतः असायची आणि उभा प्रशांत. चार ओळी छापून आल्या की काय आतलंही बदलतं? नाही. अडतिसावा किलोमीटर. कारवीच्या झुडपांतली वाट, ऊन डोक्यावर. तो वाटेवर आडवा होता, डाव्या पोटरीत गोळा येऊन पाय लाकडासारखा ताठ, तोंडावर वाळलेल्या मिठाचे पट्टे, आणि तो रडत होता. आवाज न करता नव्हे, हुंदके देऊन. तीन जण त्याला ओलांडून गेले होते. “ताई, मले सोडून नको जाऊ,” तो म्हणाला होता. आणि मी – मी बसले. मी त्याची पोटरी चोळली. माझ्याजवळच्या मिठाच्या गोळ्या होत्या तेवढ्या दिल्या, माझं पाणी दिलं, ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि मी बघत राहिले. मग त्याचा हात माझ्या डाव्या खांद्यावर. सुट्या दगडांचा तीन किलोमीटरचा उतार, एक तास चाळीस मिनिटं. खांदा डावाच होता, कारण दरी उजवीकडे होती आणि मला त्याला दरीपासून लांब ठेवायचं होतं.

एवढं जागेवर बसल्यावर तिने पोळी उलटली. करपली होती.

चौकीवर डॉक्टर होता, खाट होती, ताक होतं. प्रशांत पडून राहिला, आणि ती पाणी भरून पुढे निघाली, कारण या शर्यतीत प्रत्येक चौकीला वेळ बांधलेली असते, ती चुकली की छातीवरचा नंबर काढून घेतात आणि जीपमध्ये बसवतात. पण पावणेदोन तास उन्हात पाण्यावाचून गेलेल्या अंगाने पुढच्या चढावर हाय खाल्ली. त्या चढावर तो मागून आला, ताजातवाना, खाट आणि ताक अंगी लागलेला. “चल ताई, आता राहिलंच किती,” असं म्हणून तो पुढे निघून गेला. थांबला नाही. त्याने थांबावं अशी तिची अपेक्षाही नव्हती... खरंच नव्हती? एकसष्टाव्या किलोमीटरची चौकी सहा वाजता बंद होत होती. तो चार मिनिटं राखून पोचला. ती अकरा मिनिटं उशिरा. एका पोराएवढ्या स्वयंसेवकाने, सॉरी मॅडम, म्हणत तिच्या छातीवरच्या पिना सोडवल्या होत्या, एकेक करून, फार अदबीने.

दुपारी ती स्कूटरवरून बोरसीला गेली. तिचे वडील, दयाराम, प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती आणि बायको गेल्यापासून ते स्वतःच्या घरात एकटे राहत. ओसरीवर बसून ते तिवऱ्याच्या म्हणजे लाखोळीच्या शेंगा सोलत होते. शेजारी खुर्चीवर पेपरातून नीट कात्रीने कापलेला चौकोन होता, वर चष्म्याची डबी ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

शर्यत पूर्ण झाली नाही, एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं. या वयात काळजी नको म्हणून. आता ते तिच्याकडे पाहून हसले, आणि त्या हसण्यात इतका सुटकेचा भाव होता की तिला काय येणार ते आधीच कळलं.

“मी फोन केला त्याले सकाळीच,” ते म्हणाले. “म्हटलं, बेटा, तुमचे उपकार झाले आमच्यावर. लई चांगला पोरगा आहे. म्हणे, काका, ताईले तसं सोडून कसा आलो असतो मी.”

ती उभीच राहिली. एवढा वेळ जे बातमीदाराच्या अंगावर टाकता येत होतं ते आता कुठेच टाकता येत नव्हतं. सोडून. तिच्यासमोर रडून म्हटलेला शब्दच त्याने उचलला होता, झटकला होता आणि तिच्याच बापाला मोठ्या मनाने वाढला होता. आणि हे ऐकून या म्हाताऱ्याने सकाळपासून किती जणांना सांगितलं असेल – शेजारच्या रामाजींना, दूधवाल्याला, नागपूरच्या आत्याला – की माझी लेक डोंगरात पडली होती आणि एका देवमाणसाने आणली.

मग तिने सांगितलं. उभ्याउभ्या, एका दमात, खांदा डावा होता इथपर्यंत. दयाराम ऐकत होते, बोटं शेंगांवर थांबली होती. तिचं सांगून झालं तेव्हा त्यांनी कापलेला चौकोन हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला, अगदी ओळीवरून बोट फिरवत.

“मग पेपरात असं काऊन लिहिलं?” त्यांनी विचारलं.

त्यांचा तिच्यावर अविश्वास नव्हता, हे तिला कळत होतं. पण प्रश्न तिलाच होता. उत्तर तिनेच द्यायचं होतं. आणि मग, दाण्यांच्या वाटीकडे पाहत, त्यांनी दुसरी अडचण सांगितली: गुरुवारी त्याला जेवायला बोलावून ठेवलं आहे, आता काय करायचं. तिने स्कूटरची किल्ली उचलली. ते जेवून जा म्हणाले. ती नाही म्हणाली. फाटकापर्यंत ते मागे आले आणि तिच्या हातात सोललेल्या दाण्यांची पुडी दिली, ती तिने घेतली, कारण बापाकडून न घेता जाणं तिला जमलं नाही.

पाच वाजता सेक्टरातल्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर, रोजच्या सरावाला, प्रशांत होताच. सत्काराच्या दिवशीही चुकला नव्हता. तिला पाहून तो खाली आला, बूट बांधायला वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मंडळाचे ओमप्रकाशजी तिला फोन करणार आहेत, गुलदस्ता तिच्या हातून द्यायचं ठरतं आहे, हे त्याने वाकूनच सांगितलं.

“बाबाले तू काय म्हटलं?” तिने विचारलं.

तो सरळ झाला. पेपरवाल्याने आपल्याच मनाने जोडलं ते, कसम से, असं म्हणाला. पेपराचं ती विचारत नव्हती. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. मैदानात दोन मुली चालत होत्या, त्या लांब होत्या.

“काका इतके खुश होते, ताई. त्याईले कसं सांगू, मी तिथं बसून रडून राहिलो होतो म्हणून? घरी माझ्या पोरीनं पेपर दप्तरात ठेवला आहे, उद्या शाळेत दाखवते म्हणे.” तो थांबला, आणि मग त्याला वाटलं असावं की हे तिला पटेल, कारण त्याचा आवाज मऊ झाला. “तुझं यात काय गेलं? तुझं नाव बी नाही आलं. मीच पेपरवाल्याले सांगितलं, नाव नको टाकू, ताईची बदनामी होईल.”

आपण काय बोलून गेलो ते त्याला बोलल्यानंतर कळलं, ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना तिला दिसलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

“म्हणजे सांगितलं तूच,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा लांबच्या मुलींकडे पाहिलं. मग हळूच, “आज फक्त तिथं काही नको बोलू, ताई.”

ती वळली आणि पायऱ्या चढू लागली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सिमेंटच्या उंच पायऱ्या, बसण्यासाठी बांधलेल्या, चढण्यासाठी नव्हे, प्रत्येकीला गुडघा पोटाशी येत होता. माझी बदनामी! त्याला दरीपासून लांब ठेवलं ही माझी बदनामी. सात वाजता माईक असेल, समोर शंभर माणसं असतील, तिच्या हातात फुलं असतील आणि त्याच्या गळ्यात पदक. एक वाक्य पुरेल. मग ते कुरकुर ठरेल, हरलेल्या बाईची जळफळ ठरेल, कुणीतरी खाली बसून, जाऊ द्या ना मॅडम, म्हणेल... आणि नाही बोललं तर गुरुवारी तो बाबांच्या पानावर बसेल. पाय चालत होते, आणि राग पायांना पुरत होता, पाणी पुरावं तसा. वरच्या कठड्याला हात लावून ती वळली, उतरली, पुन्हा चढू लागली.

तेव्हा मागे त्याची पावलं आली. तोही चढत होता, दहा-बारा पायऱ्या खाली, अंतर राखून. तिने पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती – चौदा महिन्यांत ती पावलं तिच्या कानांना पाठ झाली होती. उजवं पूर्ण टेकतंय. डावं नुसतं चवड्यावर, टाच हवेत, घाईने उचललेलं. डावी पोटरी अजून बरी नाही. असाच चढत राहिला तर चौथ्या-पाचव्या खेपेला पुन्हा गोळा येणार, आणि या वेळी स्नायू फाटणार. टाच टेकव, प्रशांत. दोन शब्द... ते तिच्या जिभेवर येऊन बसले होते, तिने बोलावले नव्हते, तिला विचारून आले नव्हते.

तिने ओठ घट्ट मिटले. छाती हवेसाठी भांडत होती आणि ती तोंड उघडत नव्हती, नाकाने श्वास ओढत एकेक पायरी चढत होती. दिवसभर सगळ्यांवर संतापून झालं होतं, पेपरावर, केदारवर, बाबांवर, या माणसावर, पण असा संताप तिला कुणाचाच आला नव्हता, जसा आता आला – स्वतःच्या कानांचा, जे अजून त्याची डावी टाच मोजत होते.